मेलेल्या बापानं दिलेली हमी

माझा बाप मेल्यानंतर बत्तीस वर्षं कापूस विकत होता. दर हंगामात आर्णीच्या केंद्रावर त्याची बैलगाडी रांगेत लागायची, काटा व्हायचा, पावती फाटायची, आणि खिडकीतला माणूस त्याचं नाव पुकारायचा. मी गाडीवरून ओरडायचो, "हाजिर!"

यात कोणाला फसवायचा विचार नव्हता. शेत बापाच्या नावावर, म्हणून सातबारा बापाचा, आणि सातबारा बापाचा म्हणून पावतीही बापाची. पैसा मात्र पावती ज्याच्या हातात, त्याच्या हातात पडायचा. सहीसुद्धा मी बापाच्या नावाची करायचो. बापाला अंगठ्यापलीकडं काही येत नव्हतं, पण मेल्यावर तो झोकदार सही करायला लागला. माझ्या स्वतःच्या नावाची सही मला येत नव्हती. ती कोणी कधी मागितलीच नाही.

इथं मी कोणाचंच नाव लिहिणार नाही, माझंही नाही. नावांनी मला एकदा पुरेसं छळलं आहे, ते पुढं कळेल.

बाप गेला त्या उन्हाळ्यात मी वारस लावायला तलाठ्याकडं गेलो होतो. तो वर न पाहता म्हणाला, "ए तांड्यावाल्या, चपला तिकडं काढ अन् तथीच उभा राह्य." चपला मी आधीच काढल्या होत्या, हातात होत्या. मी त्या खाली टाकल्या, पायात घातल्या आणि म्हटलं, "साहेब, ज्या दिवशी या खुर्चीवरचा माणूस मले 'या जी' म्हणून आत बोलवन, त्या दिवशी येतो."

तो खो खो हसला. "मंग तू कायचा येतं!"

"मी येतच नाही," असं म्हणून मी परत फिरलो. बायको तेव्हा नवी होती. तिनं विचारलं, "अन् शेताचं?" मी म्हटलं, "शेत कोठी पळून राह्यलं?"

शेत पळालं नाही. कर्ज काढलं असतं तर बँकेनं नाव बदलायला लावलं असतं, पण ते मी काढलं नाही. पुढं कापसाची ती वर्षं आली. भाव पडला, केंद्रं उशिरा उघडू लागली, आणि शहरातल्या जीपा तांड्यावर येऊ लागल्या. जीपमधून उतरलेला माणूस माझ्या तोंडापुढं माईक धरून म्हणायचा, "बाबा, तुमचं दुःख सांगा." मी सांगायचो, "गुडघा दुखते." तो माईक घेऊन शेजारच्या घरी जायचा. माझ्याकडं तीस शेळ्या होत्या, तूर होती, भाड्यानं नांगर धरायला बैलजोडी होती. कापसानं दिलं तर दिलं, नाही दिलं तर शेळ्यांनी घर ओढलं. पण शेळी पावती देत नाही.

आता लेकीचं सांगतो. मला एकच लेक. ती नर्सचं शिकली आणि समुद्रापल्याड एका थंडीच्या मुलखात मोठ्या दवाखान्यात लागली. तिच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या जावईबापूंना, ती मागून बोलावून घेणार होती. जावईबापू मास्तर. शाळा विनाअनुदानित. म्हणजे नऊ वर्षं ते शिकवत होते, रोज हजेरीवर सही करत होते आणि अनुदान आलं की पगार सुरू होईल म्हणून वाट पाहत होते. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, "जावईबापू, आमच्या बैलाले बी रोज सरकीची ढेप भेटते." ते हसले. माणूस चांगला आहे, चिडत नाही. तेवढंच मला त्यांचं आवडत नाही.

दोन वर्षं झाली तरी बोलावणं येईना. मग एका दिवशी जावईबापूंच्या मोबाईलवर लेक माझ्याशी बोलली.

"बा, इथचं सरकार म्हणते, नवऱ्याले आणाचं असन तर तो आमच्यावर बोजा होणार नाही हे दाखवा. माह्या पगारातून घरभाडं गेलं की थोडं कमी पडते. घरच्या कोणी हमी घेतली तर चालते म्हणे. पण हमी घेणाऱ्याची कमाई कागदावर दिसली पाह्यजे."

"कागदावर कायले? मी जित्ता हाये. मलेच दाखव."

"तुमाले कसं दाखवू बा? कागदच लागते."

"अन् लिहून काय द्याचं?"

"का गरज पडली तर आमचा खर्च तुमी उचलान."

मला राग आला. "मी नाही उचलनार तर कोण, शेजारी उचलन? लेकीच्या घरचं पाणी न पेनारा मानूस मी. अन् हे मलेच पुसून राह्यले का, लेकीले उपाशी ठेवशीन का म्हनून?"

"पुसतात बा इथं. सगळ्यायले पुसतात." मग ती हळू आवाजात म्हणाली, "इथं मले पुढच्या तीन वर्षांच्या करारावर सही कराची हाये, उन्हाळ्याच्या आधी. हे येत असतीन तर करतो. नाही तर एकटी नाही राह्यत आता. नोकरी सोडून वापस येतो."

वापस येतो. जिला दहा वर्षांची असताना मी खांद्यावर पेटी घेऊन आश्रमशाळेत सोडून आलो, ती. तांड्याचा मुखिया, आमचा नायक, तेव्हा भर तांड्यात म्हणाला होता, "पोरीले शिकवून राह्यला, पाहू कोठवर जाते." ती किती लांब गेली हे तो रोज पाहत होता. आता ती परत येणार, आणि तेही माझा कागद नाही म्हणून? मी जावईबापूंना म्हटलं, "पेटी काढा."

पेटीत बत्तीस वर्षांच्या पावत्या होत्या. एकही मी फेकली नव्हती. जावईबापूंनी चांगल्या चांगल्या निवडल्या, सातबारा घेतला, आणि आम्ही यवतमाळला कचेरीबाहेर बसणाऱ्या टाईपवाल्याकडं गेलो. त्यानं कागदांवरचं नाव पाहून इंग्रजीत हमीपत्र ठोकलं. "सही करा बाबा," म्हणाला. मी केली, बापाची, खालून लांब रेघ ओढून. टाईपवाला म्हणाला, "वा!"

तुम्ही म्हणाल, जावयाला सासऱ्याचं नाव माहीत नव्हतं का? नव्हतं. तांड्यात मला सगळे एका टोपणनावानं हाक मारतात, ते माझ्या हट्टावरून पडलं आहे आणि इथं सांगण्यासारखं नाही. बायको 'पोरीचा बा' म्हणते. जावईबापू 'मामाजी' म्हणतात. ते मला नंतर म्हणाले, "बायकोच्या पासपोर्टवर वेगळं नाव दिसलं मले. पण वाटलं, तुमाले दोन नावं असतीन. लगन होऊन चार वर्षं झाली. आता सासऱ्याले कसं पुसू, का मामाजी, तुमचं नाव काय?"

खरं आहे. नसतं विचारता येत.

कागद गेले. त्या मुलखाच्या व्हिसाच्या हापिसातून चौकशीचा फोन येईल म्हणून जावईबापूंनी आपला मोबाईल माझ्याकडं ठेवला. तांड्यात रेंज नव्हती. टेकडीवर मोहाच्या झाडाखाली दोन काड्या यायच्या. तिथं मी शेळ्या घेऊन बसायचो. अकराव्या दिवशी फोन वाजला. बाईचा आवाज, शहरातली मराठी.

"नमस्कार. आपण..." आणि तिनं माझ्या बापाचं नाव घेतलं.

"हाजिर!"

"मुलीसाठी हमीपत्र आपण दिलंय का?"

"मीच देल्लं."

"पण मुलीच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव वेगळं आहे."

"हो. तो बी मीच."

"म्हणजे आपल्याला दोन नावं आहेत?"

"नाही बाई. एक माह्यं हाये. एक माह्या बापाचं."

"मग मी आत्ता कोणाशी बोलतेय?"

"पोराशी. बाप नाही बोलू शकत."

"त्यांची तब्येत बरी नाही का?"

"मेला."

"अरेरे. वाईट वाटलं ऐकून. कधी?"

"बत्तीस वर्षं झाली."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. "मग या गेल्या हंगामातल्या कापसाच्या पावत्या?"

"त्याच्याच."

"आणि हमीपत्रावरची सही?"

"ती बी त्याचीच. केली मी. त्याले तर अंगठाच येत होता."

तिनं धन्यवाद म्हटलं आणि फोन ठेवला. मी खुशीत खाली उतरलो. जावईबापू अंगणातल्या बाजेवर वाट पाहत बसले होते. मी म्हटलं, "झालं काम. काही लपवलं नाही, सगळं खरं खरं सांगून देल्लं." आणि काय काय सांगितलं तेही सांगितलं. ऐकता ऐकता जावईबापू बाजेवर आडवे झाले आणि त्यांनी तोंडावर टॉवेल घेतला.

महिन्याभरानं नकाराचा कागद आला. जावईबापूंनी मराठी करून वाचला. त्यात लिहिलं होतं, हमी देणारी व्यक्ती हयात नसल्याचे हमी देणाऱ्या व्यक्तीनेच फोनवर कळवले. खरे कागद असतील तर पुन्हा अर्ज करता येईल, असंही खाली लिहिलं होतं. मला ते पत्र सरळ माणसानं लिहिलेलं वाटलं. अजून पेटीत आहे.

टेकडीवर लेकीचा फोन आला. "बा, तुमी माह्या आज्याले जामीन ठेवलं?"

"तुह्या आज्याची पत माह्यापरीस मोठी होती."

एरवी ती हसली असती. या खेपेस हसली नाही. "मी करारावर सही नाही करत," म्हणाली. "उन्हाळ्यात येतो वापस." आणि फोन ठेवला. ती रडली असती तर मी रागवू शकलो असतो. ती फक्त थकल्यासारखी बोलली.

बायको चुलीपुढं बसली होती. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "तुमच्या चपलेपाई माह्या पोरीचा संसार अडकला." बत्तीस वर्षांत ती त्या चपलेबद्दल पहिल्यांदा बोलली. मी सकाळी उठून तलाठ्याकडं गेलो.

तलाठी आता एक पोरगी होती. लेकीपेक्षा लहान. टेबलावर कागदांचा ढीग, त्यावर उडू नये म्हणून ठेवलेला दगड. मी दारात उभा राहिलो.

"या आजोबा, आत या."

"आजोबा नको."

"बरं. काका, या."

"काका बी नको."

तिनं पेन ठेवलं. "मग काय म्हणू?"

"'या जी' म्हना."

"काहून?" ती आमच्याच भागातली निघाली.

मग मी तिला चपलेची गोष्ट सांगितली, दारातूनच. मागं दोन माणसं कामासाठी आली होती, तीही ऐकत होती. गोष्ट संपल्यावर ती म्हणाली, "तो तलाठी तर कवाचाच वारला."

"मले माहीत हाये. त्याच्या मरनाची नोंद झाली. माह्या बापाची राह्यली."

ती उठली. टेबलाला वळसा घालून दारापर्यंत आली आणि म्हणाली, "या जी. आत या. चपला घालूनच या."

मी चपला काढल्या. जी काढायला सांगत नाही, तिच्यापुढं काढायला काय जातं?

पण आत गेल्यावर नवीन घोळ. वारस लावायचा तर बाप मेल्याचा दाखला पाहिजे. ग्रामपंचायतीचं रजिस्टर पाहिलं, त्यात नोंद नाही. तेव्हा कोणी नोंद करत नव्हतं, माणूस मेला की मेला. पोरगी म्हणाली, "कागदावर तुमचे वडील जिवंत आहेत."

"मंग त्यायलेच बोलवा अन् हमीवर सही घ्या."

ती हसली, पण कामाचं बोलली. "पाच जुन्या माणसांचा पंचनामा आणा, का ते गेले. त्यावर तहसिलीचा हुकूम आणू. मंग फेरफार. नोटीस लागन, पंधरा दिवस कोणी हरकत घेतली नाही तर तुमचं नाव. मंग उत्पन्नाचा दाखला मी देतो."

मी बोटांवर हिशेब केला. उन्हाळ्याआधी होत होतं, कोणी आडवं आलं नाही तर. आणि आडवा येणारा माणूस मला ठाऊक होता. तो आमचा नायक. आम्ही एकाच वर्षाचे, एकाच नाल्यात पोहायला शिकलो, आणि तेव्हापासून एकमेकांचं ऐकत नाही.

मी त्याला म्हटलं, "पंचनाम्यावर अंगठा पाह्यजे. माहा बाप मेला म्हनून."

त्यानं डोळे मोठे केले. "मेला? कवा?"

"तू खांदा देल्ला होता ना बे!"

"देल्ला असन. पन यंदा केंद्रावर माह्यापुढं तुह्या बापाचा कापूस मोजला. नाव पुकारलं, अन् कोनी तरी 'हाजिर' म्हटलं. मी माह्या कानानं ऐकलं. आता खोटा पंचनामा कसा देऊ? मी नायक हाये."

"पोरीचं काम हाये रे."

त्याचा चेहरा जरा बदलला. पण फार नाही. "पोरीसाठी देतो. पन कागदावर मानूस माराचा असन तर कागदाचं बारावं झालं पाह्यजे. जेवनाबिगर कोनी मरत नाही आपल्यात. खरं का नाही रे?" बाजूला बसलेल्या चार म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. त्यांना गेल्या होळीपासून मटण भेटलं नव्हतं.

दोन शेळ्या गेल्या. रक्ताची सळोई शिजली, मटण झालं, भाकरींची चळत लागली. जावईबापू टॉवेल कमरेला बांधून वाढत होते. नायक त्यांना मुद्दाम विचारत होता, "मास्तर, कोन मेलं म्हनून जेवून राह्यलो आपन?" आणि जावईबापू गंभीर चेहऱ्यानं उत्तर देत होते, "आजेसासरे. अचानक गेले."

खाता खाता म्हाताऱ्यांनी माझा बाप काढला. बाप लहान असताना आमची माणसं बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरायची. त्या लदेणीत तो पायी चालला होता. मुक्काम करायचा आणि उठायचं, जमीन कोणाचीच नाही. पुढं तांडा एका जागी बसला आणि ते शेत त्यानं फोडलं, दगड वेचून वेचून. आमच्या घराण्यात सरकारी कागदावर पहिलं नाव चढलं ते त्याचं. नायक म्हणाला, "आठवते का बे? सातबारा घेऊन तो भर तांड्यात फिरला होता. वाचता येत नव्हतं. बोट ठेवून सांगे, पाहा, हे माह्यं नाव. अन् बोट शेतसाऱ्याच्या रकान्यावर राहे."

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. चपलेची गोष्ट खरी होती, पण ती पुरती खरी नव्हती. तलाठ्यानं त्या दिवशी मला पालखीतून नेलं असतं, तरी ते नाव खोडायला माझा हात वळला असता का, हे मला सांगता येत नाही. हंगामात एकदा कोणी तरी ते मोठ्यानं पुकारत होतं, तेवढं मला पुरत होतं.

सकाळी पाचही अंगठे उठले. तहसिलीचा हुकूम आला, चावडीवर नोटीस लागली. पंधरा दिवस मी रोज जाऊन नोटिशीपुढं उभा राहायचो, नायक हरकत घ्यायला येतो की काय म्हणून. तोही यायचा, मला पाहायला.

फेरफार लिहिताना मी तलाठी पोरीला विचारलं, "बापाचं नाव खोडता का आता?"

"खोडत नाही जी. कंसात टाकतो." तिनं सातबारा माझ्याकडं फिरवला आणि नावाच्या एका अंगाला एक वाकडी रेघ, दुसऱ्या अंगाला दुसरी वाकडी रेघ काढली. झोपडीच्या कुडाच्या दोन भिंतींसारख्या. बाप मध्ये बसला. खाली तिनं माझं नाव लिहिलं. मी बोट ठेवून पाहिलं. बरोबर नावावरच ठेवलं.

"आता उत्पन्न सांगा," ती म्हणाली. "किती लिहू?"

"जेवढं हाये तेवढं."

"असं म्हणणारे तुमी पहिले. सगळे कमी करून मागतात, कोणी कोणी तर काहीच नाही म्हणून लिहा म्हणतात. शेळ्या किती?"

"अठ्ठावीस. बापाच्या बाराव्याआधी तीस होत्या."

आता सही. जावईबापूंनी मला माझ्या नावाची सही शिकवली. अंगणात बाजेवर बसून, पाटीवर. नऊ वर्षं त्यांनी फुकट शिकवलं, हाही एक फुकटच. पण मास्तर म्हणून माणूस पक्का. "मामाजी, रेघ खाली उतरून राह्यली." "मामाजी, वेलांटी राह्यली." मी म्हटलं, "तुमाले माह्यं नाव माहीत नव्हतं ते बरं होतं." दोन दिवसांत सही आली. बापाच्या सहीसारखी झोकदार नाही, पण ओळखू येते.

कागद पुन्हा गेले. फोन येणार म्हणून मी पुन्हा मोहाखाली. या खेपेस बायको सोबत आली. मी म्हटलं, "तू कायले?" ती म्हणाली, "शेळ्या पाहाले." शेळ्यांकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.

लेकीच्या सहीची तारीख आठ दिवसांवर आली तेव्हा फोन वाजला. तोच आवाज.

"नमस्कार. ..." आणि तिनं एक नाव घेतलं. "आहेत का?"

आता हे कसं सांगू? त्या नावानं मला शाळेतल्या गुरुजींनंतर कोणी हाक मारली नव्हती. बापाचं नाव आलं असतं तर तोंडातून आपोआप 'हाजिर' निघालं असतं. हे नाव ऐकलं आणि मी म्हणालो, "थांबा, बोलावतो." आणि खरंच मागं वळून पाहिलं, टेकडीवर कोणी आहे का म्हणून.

बायकोनं शेळ्या हाकायची काठी माझ्या पोटरीवर मारली.

"हाजिर!" मी ओरडलो. "मीच हाये. मीच तो."

"नक्की?" बाईनं विचारलं. तिनं मला ओळखलं होतं.

"या खेपेस नक्की."

"आणि आपले वडील?"

"कंसात हायेत."

मग तिनं एकेक विचारलं. शेत किती, तूर किती, शेळ्या किती, सही कोणाची. मी एकेक सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "मुलीला आणि जावयाला गरज पडली, तर तुम्ही किती दिवस आधार द्याल?"

हा प्रश्न मला पुन्हा झोंबला. मी म्हटलं, "जितो तोवर देतोच बाई. अन् मेल्यावर बी चालू ठेवतो. आमच्या घरात सवय हाये."

काठी पुन्हा पोटरीवर बसली. फोनमध्ये बाई हसली की खोकली, ते मला कळलं नाही. फोन बंद झाला.

घरी येईपर्यंत बायको एकच म्हणत होती, "एवढं कायले बोलाचं? हो म्हनाव, नाही म्हनाव अन् गप राहाव." जावईबापूंना आम्ही शेवटचं वाक्य सांगितलं नाही. पुढचे सहा दिवस मी जेवलो कमी आणि बोललो त्याहून कमी. नायकानंही मला त्या दिवसांत काही म्हटलं नाही, यावरून माझं तोंड कसं झालं असेल ते समजा.

सातव्या दिवशी जावईबापू सायकल टाकून धावत अंगणात आले. हातात पाकीट. मंजूर. मी म्हटलं, "नीट वाचा, कोनाच्या नावानं हाये ते पाहा." त्यांच्याच नावानं होतं.

त्यांनी टेकडीवर जाऊन लेकीला फोन लावला आणि मला दिला. ती म्हणाली, "बा, उद्या सही करतो मी."

"कोनाची?"

"माह्यी, बा!" आणि आता ती हसली.

जावईबापू मोबाईल माझ्याकडंच ठेवून तिकडं गेले. नऊ वर्षं न मिळालेला पगार त्यांना तिकडं दुसऱ्याच महिन्यात मिळाला, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करण्याच्या कामावर. पहिल्या पगाराचं सांगायला त्यांनी फोन केला तेव्हा म्हणाले, "मामाजी, म्हातारे लोक फार हट्टी असतात इथचे. पण मले सवय हाये." शिकला माणूस, थोडं बोलायला शिकला.

पुढच्या हंगामात मी आर्णीला कापूस नेला. काटा झाला. खिडकीतल्या माणसानं एक नाव पुकारलं. कोणी उठलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. मागच्या गाडीवरून नायक ओरडला, "ऊठ ना बे, तुलेच बोलवून राह्यले!"

मी खिडकीपाशी गेलो आणि सही केली, हळूहळू, वेलांटीसकट. त्या माणसानं पावती पाहिली, मग मला पाहिलं. वर्षानुवर्षं तोच होता तिथं. म्हणाला, "अन् तो दुसरा बुढा? दर साली यायचा तो? यंदा दिसला नाही."

मी म्हटलं, "नातजावयाले समुद्रापल्याड धाडलं त्यानं. लय कागदपत्रं झाली. थकला. आता घरीच राह्यते."